बारा-तेरा

बिछान्याखालची फळी उचलली की
दोन वीत रुंद, हातभर लांब एवढीच जागा.
बाकी पाण्याची टाकी, बॅटरी आणि शेवंतीचे डबे.
"ह्यात मावेल तेवढंच," ती म्हणाली
आणि तांदूळ निवडायला बसली.

मी पडवीत गोणपाट पसरलं,
बावीस वर्षांचं लोखंड त्यावर ओतलं.
शेजारचं कुत्रं भुंकून भुंकून दमलं.

आधी हाताला लागला बत्तीसचा पाना,
ट्रकाच्या चाकाचा, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब.
ह्याच्यावर उभा राहून, अगदी दोन्ही पायांनी उभा राहून
सावर्ड्याच्या चढावर भर दुपारी नट सोडवलेत मी,
दातांत लाल धूळ,
मागं साठ गाड्यांची रांग आणि शिव्या.
खाण बंद पडली, ट्रक किलोवर गेला,
पाना गेला नाही, का कोण जाणे.
आता ह्या मिनीबसला
त्याच्या जोगा एकही नट नाही.
तरी तीनदा पेटीत ठेवला,
तीनदा काढला.

ग्रीस गन नको, सांडते.
टामी नको. मोठा हातोडा तर नकोच.
लहान हातोडा घ्यावा, दांडा फणसाचा, मीच बसवलेला.
पक्कड न घेता निघणं म्हणजे
एक हात घरी विसरणं.

संध्याकाळी इनास मेस्त सायकल टेकवून डोकावला.
"पात्रांव, अर्धं गॅरेज घेऊन चाललास!
तार घे, टेप घे, ट्यूबचा तुकडा घे,
मूठभर फ्यूज. बाकी रस्त्यावर माणसं भेटतात."
"नाही भेटली तर?"
"चहा ठेव. गॅस आहे ना?"

मग पाने ओळीनं लावले:
आठ-नऊ, दहा-अकरा,
चौदा-पंधरा.

बारा-तेरा दिप्तेशकडे आहे.
तो विलायतेला निघाला त्या रात्री
काट्यावर बॅग किलोभर जास्त भरली.
त्यानं आईच्या तोरांच्या लोणच्याची बरणी बाहेर काढली
तेव्हा खाली दिसला मला,
टॉवेलात गुंडाळलेला.
मी पाहिलं हे त्यानं पाहिलं.
चेन ओढून घेतली.
तिथं तो गोदामात खोकी उचलतो.
कुठल्या नटाला तेरा लागतो त्याला,
सहा वर्षांत विचारलं नाही.
लोणचं आम्ही दोघांनी संपवलं,
पावसाळाभर पुरलं.

कुडचड्याच्या बाजारात नवा मिळतो. आणला.
चकचकीत आहे, बोटांत फिरतो,
अजून आमची ओळख नाही.
पण ह्या गाडीचे अर्धे नट तेराचेच,
तेव्हा होईल.

पेटी मिटणार एवढ्यात शेवंती आली
आडोळी घेऊन.
"हेही हत्यारच. बसवा."
मी लहान हातोडा काढला. नाही बसली.
पक्कड काढून पाहिली, परत ठेवली.
आडवी, तिरकी, पालथी,
शेवटी ती ड्रायव्हरच्या सीटमागं गेली
पात्याला माझं जुनं बनियन बांधून.
हातोडा मात्र बाहेरच राहिला,
तो परत ठेवायचं लक्षात आलं नाही.

पहिली रात्र अंगणातच काढली, सराव म्हणून.
कूस बदलली की खाली लोखंड वाजायचं.
"कोण बोलतंय?" ती झोपेत म्हणाली.
उठलो. टॉर्च दातांत धरला,
तिच्या विटक्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या,
एकेक पाना गुंडाळला.
नव्याला दोन वेढे दिले,
तोच जास्त वाजत होता.

पहाटे गाडी सुरू केली. अनमोडचा घाट
ऊन चढायच्या आत गाठायचा होता.
बत्तीसचा पाना
सरपणावरच्या ताडपत्रीवर वजनाला ठेवला.
शेवंतीनं खिडकीतून मागं वळून पाहिलं.
"आता उडायची नाही," म्हणाली.
ताडपत्रीबद्दलच असावं.