रात्री दोनला कोण उचलेल

सावद्याला फिरक्यांच्या वखारीत
केळी पिकवायच्या सहा खोल्या,
आणि सहाही खोल्यांचा जीव ऑफिसातल्या एका डब्यात.
डब्यात विंडोज, चोरीची,
भुसावळच्या कुणीतरी चहाच्या मोबदल्यात टाकून दिलेली.

मे महिन्यात एका रात्री तिनं निळा पडदा ओढून घेतला.
चार नंबरचा पंखा हुकमाची वाट बघत बसला.
सकाळी दार उघडलं तर वास अंगावर आला,
गोड, जड, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या मांडवासारखा.
बारा टन.
म्हशींनीही दुपारनंतर तोंड फिरवलं.

"आता इकत घेऊ," सुपडूभाऊ म्हणाले, "सांग, कितीले?"
मी म्हटलं, फुकट मिळते. चांगली.
त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे असं पाहिलं,
जसं भाव न विचारता ट्रक भरणाऱ्याकडे पाहतात.

मग मी कंदावरून सुरुवात केली.
एक जुनी बाग होती. तिच्या मूळ कंदाची पिलं
काहींनी नेली, आपल्या मातीत लावली,
ती बीएसडी. सरळ रक्ताची.
मूळ मालकाशी कोर्टकचेरी झाली, ती वेगळी.
तेवढ्यात लांबच्या एका पोरानं
कंदाला हात न लावता, नुसतं पान बघून
तसंच झाड उभं केलं, ते लिनक्स.
घड दोन्हीला लागतो.

"आन् देनाऱ्याची अट?"
पहिला म्हणतो, ने, वीक, वाटेल ते कर,
पाटीवर माझं नाव तेवढं राहू दे.
दुसरा म्हणतो, ने, पण झाड कुणाला दिलंस
तर कंदही द्यायचा. लपवायचा नाही.
सुपडूभाऊ हसले.
"दुसरा आपल्या शिवारातला दिसतो.
पहिला देवमानूस. त्याले लोक लुटतीन."

सेंटॉसचं नाव मीच खोडलं.
दहा वर्षांचा शब्द दिला आणि दोन-सव्वादोनात परत घेतला.
केळीच्या धंद्यात असा सौदा एकदाच होतो.

उरल्या दोन. जुन्या मशिनींवर मांडल्या,
पोळा झाला, गणपती गेले, मी तिथंच.
खरं सांगतो, मन फ्रीबीएसडीवर बसलं.
एकाच हातानं सारवलेलं अंगण.
पुस्तकात लिहिलंय तिथंच वस्तू सापडते.
चालू असताना मी तिची एक डिस्क उपटली,
तिनं हू की चू न करता दुसरीवरून हिशोब पुढे नेला.
डेबियन म्हणजे गावपंगतीतली घोटलेली वांग्याची भाजी,
ढवळणारे हजार, चव फर्मास,
मीठ कुणी टाकलं ते विचारू नये.
पण वजनकाट्याची तार तिनं लगेच ओळखली.
फ्रीबीएसडीला दीड दिवस लागला.
तो दीड दिवस मी कुणाला सांगितला नाही.

शेवटी भाऊंनी एकच विचारलं.
"रात्री दोनले बंद पडलं,
आन् तू बऱ्हानपूरले सासरवाडीले,
त कोनाले फोन लावू?"

मी बोटं मोजली. नाशिकला एक ओळखीचा,
पुण्यात दोन, त्यातला एक फोन उचलत नाही.
रात्रपाळीचा गुलशेर तडवी दाराशी उभा होता,
इतके महिने एक शब्द न बोललेला.
म्हणाला, "माही नसरीन फैजपूरच्या कॉलेजात तेच शिकती,
ते डेबियन."

झालं. माझ्या आठ पानांच्या तक्त्याकडे
कुणी पाहिलंही नाही. पाहायला नकोच होतं.

फ्रीबीएसडीची मशीन मी घरी आणली.
चारशे बारा दिवस झाले, एकदाही बंद नाही.
तिच्यावर वीजबिलं आहेत, आणि लेकीचे दाखले.
पिकायला काहीच नाही.

वखारीत गुलशेर अजूनही दोन वाजता
खोलीच्या दाराला तळवा लावतो
आणि खडूनं लिहितो, सतरा.
नसरीनच्या पडद्यावर सतरा पॉइंट दोन.
त्या पॉइंट दोनवरून
बापलेकीचं भांडण चालूच आहे.