प्रतिवादी क्रमांक पाच

डलूथच्या कोर्टात हीटर जरा जास्तच तापतो.
कोट मांडीवर घेऊन बसलोय एका बाकावर :
बँक विरुद्ध आम्ही पाच.

एक, लाहतिनेन लेन्स ही कंपनी. तिला बसता येत नाही.
दोन, एइनो लाहतिनेन, मयत. त्याच्या जागी त्याची मालमत्ता,
म्हणजे एक ट्रक आणि गोठल्या तळ्यावर मासे धरायची खोपटी.
तीन, भाऊ टोइवो. सहा वर्षं अबोला धरला होता त्याने,
आता सोडायचा तर कोणाशी.
चार, आर्डिस. काडीमोड झाला, सही तेवढी राहिली.
पाच मी, अर्विड साल्मेला,
बोलिंगच्या पिना उभ्या करणाऱ्या यंत्रांचा मेकॅनिक.

त्या दिवशी पट्टा बदलून बाहेर आलो, तर
टेबलावर कागद, बँकेची बाई, डोनट.
एइनो म्हणाला, इथं एक सही टाक रे, नुसता उपचार.
हात पुसले पँटला.
तरी पान अकरावर अंगठ्याचं ग्रीस उमटलंच.
आज ते पान निशाणी 'क' आहे
आणि झेरॉक्समध्येही डाग दिसतो.

बँकेच्या तरुण वकिलाला पडसं झालंय.
तो वाचतो : संयुक्तपणे आणि पृथकपणे.
न्यायाधीशबाई विचारतात, समजलं?
आर्डिस म्हणते, नाही.
म्हणजे सगळे मिळून सगळं देणं लागता, तो नाक पुसतो,
आणि प्रत्येक जण एकटाही
सगळंच.

मला समजलं.
एकतीस वर्षं यंत्रामागच्या अंधारात उभा होतो मी.
लोकांना वाटतं, दहाही पिना चेंडू पाडतो.
चांगला फेकला तर तो चारांनाच शिवतो.
बाकीच्या शेजारणीच्या धक्क्यानं जातात,
आणि आवाज सगळ्यांचा सारखाच.

मधल्या सुट्टीत टोइवोने यंत्रातून कॉफी काढली, तीन कप.
पैसे कोणी द्यायचे यावर
आम्ही बऱ्याच दिवसांनी हसलो.

मग वकील आला, आवाज खाली करून.
गुरुवारी गिऱ्हाईक येतंय लिलावाआधी,
यंत्रं चालू दिसली पाहिजेत,
आणि बँकेत कोणालाच ती सुरू करता येत नाहीत.

याल का?

तासाचा दर सांगितला. तीन तास लागतील म्हणालो,
सात नंबरची लेन थंडीत कुरकुरते.
त्याने मान डोलावली.
मी कपाखालचा कागदी रुमाल उलटा केला,
आकडा लिहिला,
आणि म्हटलं, इथं एक सही टाका.