तळ्याकडची बाजू

गड्डा हलला.
नंदीध्वज तिथंच, देव तिथंच,
अक्षता पडायच्या त्या तिथंच पडतील.
पाळणे, बांगड्या, भजी, मौत का कुआँ,
एवढं उचला आणि बायपासच्या पलीकडं टाका, म्हणाले,
कारण ॲम्ब्युलन्स अडकते.

अडकते. मी पाहिलीय.
आत कुणाची तरी आई,
बाहेर एक पिपाणीवाला बॉनेटला कोपर टेकून
सुट्टे मोजत.
म्हणून मी मीटिंगमध्ये काही बोललो नाही.

एकतीस वर्षं मैदानात फक्कीच्या रेघा मारतोय.
टेपमास्तर म्हणतात मला.
नकाशा ऑफिसात असायचा, गुंडाळलेला,
त्याची गुंडाळी आम्ही कधी सोडली नाही.
मोठ्या पाळण्याचा खांब कुठं, ते पाय सांगायचे:
गेल्या वर्षीचा खड्डा वरून बुजलेला, आतून भुसभुशीत,
पहार नुसती टेकवली की निम्मी आत.

नव्या जागेत मुरूम.
पहिल्याच घावाला पहार टणकन परत आली
आणि मल्लेशमच्या मनगटात शिरली.
तो तेलुगूत काहीतरी बोलला.
काय रे? म्हटलं.
काही नाही, जागेची ओळख करून घेतली.

दहाच्या सुमारास हाजराबी मणियार आल्या,
रिक्षाला एकशेवीस मोजून.
टोपलीच्या आधी प्रश्न उतरला:
तळं कुठंय?
सात किलोमीटरवर, म्हटलं.
ते मला ठाऊक हाय की वं.
माझी जागा तळ्याकडच्या रांगेत, डावीकडनं चौथी.
इथं डावं कुठलं, तेवढं सांगा.

मागोमाग इरप्पा भजीवाला.
तिकडं वारं पाण्यावरनं यायचं,
चुलीचं तोंड मी किल्ल्याकडं करायचो.
इथं कुणाकडं करू?
वारा चारी बाजूंनी येत होता,
त्याच्या हातातलं कॅलेंडरचं पान फडफडत होतं, वर्षभराच्या सगळ्या तारखांसकट.

मी विड्यांच्या बायकांचा विचार करत होतो.
कारखान्यात माल देऊन त्या तशाच चालत यायच्या,
बोटांना तंबाखूचा वास, कनवटीला आठवड्याचे पैसे,
एक फेरी, एक पाव भजी, आणि घरी.
इथं यायचं तर आधी ठरवावं लागेल,
बस बघावी लागेल, सासूला सांगावं लागेल.
गड्ड्याला कुणी ठरवून येत नसतं.

हाजराबी अजून उभ्याच होत्या.
मी फक्कीचा हात उचलला
आणि मोबाइलच्या टॉवरकडं केला, उगीच.
ही तळ्याकडची बाजू.
मग तिकडं किल्ला, आणि ती विजापूर वेस.
त्यांनी टॉवरकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं.
बरं, म्हणाल्या, आणि पदर खोचला.

दुपारपर्यंत तळ्याकडच्या रांगेचा भाव दोन हजारांनी चढला.
दोघा खेळणीवाल्यांची गचांडी धरून झाली.
पावतीवर मीच लिहिलं: तळ्याकडची, क्रमांक चार.
साहेबांनी चष्मा वर केला.
तळं? कुठलं तळं?
मल्लेशम मनगट चोळत म्हणाला,
साहेब, आपल्याकडं पाणी पाच दिवसांनी येतं.
थांबा की.

संक्रांतीच्या रात्री भोंगा ओरडला:
गुलाबी स्वेटर, नाव अंबिका,
किल्ल्याच्या कोपऱ्यात पोलिसांपाशी बसलीय, रडत नाहीय.
चिरमुऱ्याचा पुडा घेतलेला एक माणूस
माझ्या अंगावरून पळत गेला,
कुणाला न विचारता,
बरोबर कोपऱ्याकडं.

घरी जाताना सायकल जुन्या मैदानावरून घातली.
अंधार. दोन पोरं मोबाइलच्या उजेडात बॉल शोधत होती.
मोठ्या पाळण्याच्या जागी पुढचं चाक खचलं,
उतरलो, बाहेर काढलं.

मागून ॲम्ब्युलन्स आली.
रस्ता मोकळा, पार चौकापर्यंत.
तरी मी सायकल उचलून बाजूला झालो
आणि हात वर करून
मागच्यांना थांबवलं,
मागं कुणी नव्हतं.