वजरी

सुर्ल्याला पावसाळ्यात धुकं
घरातच राहायला येतं.
भिंतीला हात लावला
की बोटांना भिंत लागून येते.

झिलू गावस म्हणाले, फरशी तापवायची.
मी वाळपईचा कॉन्ट्रॅक्टर,
गोव्यात लोक मला फरशी थंड ठेवायला बोलावतात.
मी हसलो. ते हसले नाहीत.
तेहतीस वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढलेला माणूस,
ऊब कुठून कुठे पळते
हे त्यांना गावच्या पायवाटांसारखं पाठ.
"मी तिकडे पंचेचाळीस अंशांत," ते म्हणाले,
"आणि ही इथे, ह्या ओलीवर."
एवढंच.

मग कागदावर खालून वर रेघा ओढल्या:
दाबलेली माती, खडी, प्लास्टिक,
एक रिकामी रेघ,
तिच्यावर जाळी, गरम पाण्याच्या नळ्या, काँक्रीट.
रिकाम्या रेघेवर पेन्सिल टेकवली.
इथे काय घालायचं ते तू सांग.
इथे चुकलास तर मी जन्मभर डोंगर तापवत बसेन.

मी पांढरा थर्मोकोल सांगितला, स्वस्त म्हणून.
त्यांनी अंगठ्याने दाबला. खळगा तसाच राहिला.
मग निळा, दाट, पाणी न पिणारा,
भरलेलं कपाट झेलणारा. चार इंच.
तो पटला. दर लिहून घेतला.
आणि मी सवयीने बोलून गेलो,
खाली मातीला औषध मारावं लागेल, वाळवीचं.
ती फोम खात नाही,
पोखरून आत संसार थाटते.

चुलीपाशी शेवंतीनबाय तांदूळ पाखडत होत्या.
सूप थांबलं.

अंगणाच्या कडेला, फणसापलीकडे,
कमरेएवढी रोयण आहे.
घंटा नाही, घुमटी नाही.
अबोलीचा एक वळेसर, रोजचा.
"तिका वीख घालतले?" त्यांनी मला विचारलं,
जेवून जाणार ना, असं विचारावं
तितक्या सहज.

झिलूंनी पेन्सिल कानामागे ठेवली.
हा वाद जुना आहे
आणि ते तो कधी जिंकलेले नाहीत,
हे मला त्या पेन्सिलीवरून कळलं.

पंधरा दिवस ती रेघ रिकामीच.
भाताचं तूस कुजेल.
काथ्या ओल धरील.
बुचाच्या लाद्यांचा दर ऐकून शेवंतीनबायच म्हणाल्या,
त्यात नवी गाय येते, वासरासकट.

एका रात्री साडेअकराला झिलूंचा फोन.
गॅसच्या जहाजावर, उणे एकशे साठाच्या नळ्यांना
काळं काहीतरी गुंडाळलेलं असायचं,
दगडासारखं, पण दगड नव्हे.
काच! भट्टीत फुगवलेली काच, निव्वळ फेस!
तिला पाणी लागत नाही, दात लागत नाहीत.
माती आहे तशी राहू दे.

नमुना आला, उंड्याएवढा,
उंड्यापेक्षा हलका.
दर दुपटीच्या वर.
म्हणून हॉल गाळला. पाहुण्यांनी मोजे घालावेत.
झोपायची खोली आणि स्वयंपाकघर, बस्स.
काठाला मात्र पट्टी सोडली नाही झिलूंनी,
चिऱ्याच्या भिंतीला काँक्रीट कुठे टेकतंय का
ते गुडघ्यांवर रांगत, बॅटरी घेऊन बघत राहिले.

श्रावणात बॉयलर पेटला, काजूच्या टरफलांवर.
मी मुद्दाम गेलो. दारात चपला काढल्या
आणि खरंच, तळव्यांना क्षणभर काही सुचेना.
शेवंतीनबायना विचारलं, फरशी?
"जाली गरम," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवला.

निघताना नमुना परत मागितला,
दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायला
(असं गिऱ्हाईक गोव्यात पुन्हा मिळणार कुठे, ते असो).
तो न्हाणीत होता, दगडावर,
एका बाजूने झिजून गुळगुळीत.
तेहतीस पावसाळ्यांच्या भेगा
त्या रोज त्याने घासत होत्या.
"वजरी बरी आसा," नाक मुरडून म्हणाल्या,
"पूण कुशिल्ल्या तांतयाची घाण येता."