दोन-सहाची बांगडी

आडाळ्याच्या पाटाला कंबर असते.
नारळ कातताना मांडी तिथे टेकते.
बाहेरची बाजू कोणीही घासेल,
रंधा आहे, पट्ट्याचा सँडर आहे.
आतल्या वळणाला काहीच पोचत नाही.
तिथे मी दहा वर्षं
बांबूच्या कांडीला पॉलिश पेपर गुंडाळून घासत आले,
आणि दर आडाळ्यामागे
अंगठ्याचं नख थोडं थोडं दिलं.

बाबा सांगत, त्यांच्या आज्याकडे
मोरी माशाची सुकी कातडी होती.
उलटी फिरवली की फणसाचं लाकूडही नमायचं.
मी विचारलं, आणि वास?
म्हणाले, तो सगळ्या उभादांड्यालाच होता.

यंदा म्हापशाच्या हॉटेलवाल्याची ऑर्डर, चाळीस नग.
डब्यात साडेसोळा हजार.
दिराला घेऊन कुडाळला गेले.
हळदणकरांच्या दुकानात
तीन स्पिंडल सँडर मांडून ठेवलेले.

पहिल्याचा माथा बिडाचा, आरशासारखा.
एकतीस हजार. बोट फिरवून घेतलं, त्याला पैसे पडत नाहीत.
"खारो वारो ह्येका सा म्हयन्यांत खातलो,"
हळदणकर आपणहून म्हणाले,
"रोज मेण लावूक जमतला?"
मी समईलासुद्धा रोज चिंच लावत नाही.

दुसरा नऊ हजार. फिरतो,
पण नुसता फिरतो, जागच्या जागी.
अशाने कागदाचा एकच पट्टा तापतो
आणि लाकडावर तपकिरी रेघ उठते,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी.

तिसरा फिरता फिरता वरखाली होतो,
नांगरलेली होडी होते तसा.
अ‍ॅल्युमिनियमचा माथा, मागे भुसा ओढायचं भोक,
सहा ड्रम, अर्ध्या इंचापासून तीनपर्यंत.
चौदा हजार आठशे.
दीर म्हणाला, मोटर लहान आहे.
दीर म्हणाला, ड्रिलला ड्रम लाव, अकराशेत भागेल.
ड्रिल आडवा भार सोसत नाही,
हे मी दोन बेअरिंगं घालवून शिकलेय.
दुकानात कशाला बोला.

"कित्या मापाचो व्हयो?" हळदणकरांनी टेप काढली.
मी पिशवीतून बांगड्या काढल्या.
कंबर मी बांगडीनेच आखते:
मोठ्या आडाळ्याला दोन-आठ, मधल्याला दोन-सहा,
भातुकलीतल्याला दोन-दोन.
दुकानातला अफान हसला,
मग हसायचा थांबला,
आणि दोन इंची ड्रम उचलून
दोन-सहातून आरपार घालून बघू लागला.
गेला. चहूकडून जरा जरा मोकळा.

"आणि पेपर संपलो की?"
"मागवचे लागतले. आठ दिस."
सगळ्यात जास्त वेळ मी इथे थांबले.
मशीन एकदाच घ्यायचं,
कागद जन्मभर.
आठशेची दोन पाकिटं आत्ताच बांधून घेतली.
उरले शंभर. एसटीला, दोघांना.
खोकं दिराच्या मांडीवर,
आता तो मोटर लहान आहे म्हणत नव्हता.

संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतं,
मशीन कण्हायला लागतं.
म्हणून पहाटे पाचला पडवीत बसते,
नाकाला ओला पंचा.
कुंपणापलीकडून डुल्सीन विचारते,
"गिरण घातलंस काय गो?"

पहिल्या पाटाला चार मिनिटं लागली.
आतल्या वळणावरून अंगठा फिरवला,
कुठेच अडला नाही.
पुन्हा फिरवला. पुन्हा.
मग सवयीने बांगडी लावून पाहिली:
सैल.
घासता घासता दोन-सहाचं दोन-आठ झालेलं.

तो आडाळा घरात ठेवलाय.
ऑर्डर अजून चाळीसचीच आहे.