नळी घामते

गज मागून घालायचा, तोंडाकडून नाही.
तोंडाची कड झिजली की गोळी दिशा विसरते.
हे बाबांनी मला बारा वर्षांची असताना सांगितलं
आणि दर वेळी नव्यानं सांगतात,
जणू मी कालच या घरात आले.

बोल्ट काढून फडक्यावर ठेवते.
सपरीत लाइट नाही,
मोबाइलचा टॉर्च गडव्याला टेकवलेला.
चहाच्या किटलीतून सोड्याचं कढत पाणी
मागून नळीत ओतते,
खाली घमेल्यात ते काळं पडतं,
शाईची दौत विसळावी तसं.

बाबांचे डोळे साखरेनं नेले, चार वर्षं झाली.
तेव्हापासून परवान्यावर माझंही नाव आहे,
यवतमाळच्या कचेरीत सात चकरांनंतर.
कारकून म्हणाला, बाईमाणूस जागलीला?
बाबा म्हणाले, साहेब,
डुक्कर काय माणूस पाहून वावरात शिरते?

चिंधी जुन्या धोतराची. नवं कापड धागे सोडतं.
गज सरकतो, मध्येच जड होतो.
त्यांचा हात माझ्या मनगटावर:
"इथं अडकते. पाह्य."
पाहायला काय, ती जागा आम्हा दोघांनाही पाठ आहे.
निवडणुकीच्या वर्षी बंदूक ठाण्यात जमा केली,
पावणेतीन महिने पोत्यात,
कौलं गळणाऱ्या खोलीत.
परत मिळाली तेव्हा
पावती कोरडी होती, बंदूक ओली.
उकंडराव हे नाव मात्र अक्षरन् अक्षर बरोबर.
आत, पिळाच्या चऱ्यांवर
तिळाएवढा खड्डा. तो आता जात नाही.

"किती झाडल्या, बेबी?"
"दोन."
गज थांबतो.
माझा नाही, त्यांचा हात थांबतो.
"मी तीन आयकल्या."
कुठं तरी टिटवी ओरडून जाते.
"तिसरी जवळून होती. आवाज मातीत गेला."

मी ब्रश रॉकेलमध्ये बुडवते.
सांगत नाही की डुकरीण
मागचे पाय ओढत धुऱ्यापर्यंत गेली
आणि तिथं कुत्र्यासारखी बसली,
टॉर्चकडे बघत,
तुरीच्या शेंगांचा हिरवा फेस तोंडाला.
सांगत नाही की मला बोल्ट ओढायला
केवढा वेळ लागला.
सकाळी वनरक्षक आला, दोन भोकं मोजली,
पंचनाम्यावर माझी सही घेतली, चहा पिऊन गेला.
तिसरं कानात होतं.
कानात कोण बघतं?

"तेल."
शिलाई मशीनचं, चिंधीवर चार थेंब.
"लय नको. जास्त तेलबी लोखंडाले खाते."
मग बंदूक भिंतीला, तोंड खाली करून,
तेल लाकडात उतरू नये म्हणून.
"आज झालं. उद्या पुन्हा, परवा पुन्हा.
नळी घामते.
आत जे जळलं ते एका दिवसात निघत नसते."

दुसऱ्या दिवशी चिंधी तपकिरी आली.
तुरीतली मोडलेली झाडं मी बांधायला गेले,
बांधली नाहीत, नुसती उभी राहिले धुऱ्यावर.
माती कुणीतरी उकरली होती.
कोल्हा असेल.

आज तिसरा दिवस.
राख सावडायचाही हाच दिवस असतो,
हे माझ्याच डोक्यात आलं, ते काही बोलले नाहीत.
चिंधी जवळजवळ पांढरी.
त्यांनी ती नाकाला लावली, मग ओठांना,
मीठ चाखावं तशी.

"आता आत पाह्य. काय दिसते व?"
मी नळी आभाळाकडे धरते.
चऱ्या पिळत पिळत पुढं जातात,
टोकाला रुपयाहून लहान उजेड,
वाटेत तो तीळ.
"साफ आहे."
"खड्डा?"
"आहे तिथंच आहे."
"हाओ. त्याले राहू दे. त्याच्या भोवती तेल लावत जा."

मग त्यांनी माझा हात चाचपून धरला,
अंगठा तळव्यावरून फिरवला,
गज फिरवतात तसा, सावकाश,
मुळापासून बोटांकडे.
"घामली अजून," म्हणाले.
बंदूक तर भिंतीला होती.