एक मात्रा

म्हापशाला पोटावर गार जेल फासत त्यानं विचारलं,
"घेता किती?"
मी डिचोलीचा शाळामास्तर,
काजूची फेणी नुसती वासानं ओळखणारा.

पडद्यावर काळीज पांढुरकं,
नारळाचा दाट रस ओतल्यासारखं.

डॉक्टर कुंकळ्येकर म्हणाल्या, अक्षरं आईबापांचीच,
अन्न त्यांच्यावर खुणा करत जातं,
कुठली ओळ मोठ्यानं वाचायची,
कुठली गिळायची.

हे मला लगेच कळलं. फळ्यावर मी रोज तेच करतो:
मद.
म तोच, द तोच,
वर एक मात्रा,
मेद.

मी पोटात असताना खाणीवर संप होता.
आई सहा महिने पेजेच्या निवळीवर.
तेव्हाच कुणी आत लिहून ठेवलं असेल,
मिळेल ते साठव.
आणि मी वीस वर्षं मधल्या सुट्टीत
पातळभाजी, दोन पाव, वर मिरचीभजी.

"खुणा पुसतात?"
"काही. कुठल्या, ते नाही सांगता येत."

सकाळी आता नाचणीची तिझण, बिनगुळाची.

आज दुसरीतल्या यतीननं चुकलेली मात्रा
थुंकी लावून बोटानं पुसली.
पाटीवर डाग राहिला.
मी बरोबरची खूण केली.